ब्रेक नसलेली गाडी आणि सहा सुवर्णपदकं



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला आधीच विचारून ठेवलंय, की कर्जत-खालापुरात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. मग इथे बर्फावरच्या खेळाचं व्याख्यान कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण बर्फ बाजूला ठेवा. उतार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्या कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते आणि तिला मागून बँकर इंजिनं जोडतात. कारण पुढे बोरघाट आहे. त्या घाटात लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यासाठी जादा इंजिनं लागतात. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी याहून तीव्र चढ चढते, सुमारे २० मीटरला १ मीटर. आणि खालापूरकरांना वेगळं काय सांगायचं? खोपोलीच्या बाजूला घाट उतरणारा ट्रकवाला डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतो आणि ब्रेक तापून निकामी होतात, तेव्हा काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता अशी कल्पना करा. उतार सरासरी १० ते ११ मीटरला १ मीटर, म्हणजे माथेरानच्या रुळांच्या जवळजवळ दुप्पट. खाली बर्फ. गाडीला चाकं नाहीत, सुकाणू नाही, ब्रेकही नाही. आणि त्या गाडीवर एक बाई उताणी झोपली आहे, पाय पुढे, डोकं मागे. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. या खेळाला ल्यूज म्हणतात. आज आपण ज्या खेळाडूबद्दल बोलणार आहोत तिचं नाव नाताली गायझेनबर्गर. जर्मनीची. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून सहा सुवर्णपदकं.

झोपून काय खेळायचं?

हा खेळ पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, "यात काय, नुसतं झोपायचं!" आम्हीही तेच म्हटलं होतं. म्हणून आधी खेळ समजून घेऊ.

सिमेंटची एक लांबलचक पन्हळ डोंगरावरून वळणं घेत खाली येते. तिच्या आत नळ्या फिरवून बर्फ गोठवतात. वर सुरुवातीच्या जागी दोन बाजूंना दोन मुठी असतात. खेळाडू स्लेडवर बसते, त्या मुठी धरून मागे-पुढे झोका घेते आणि स्वतःला पुढे फेकते. हातमोज्यांच्या बोटांना बारीक खिळे असतात. त्यांनी बर्फावर तीन-चार वेळा वल्हं मारल्यासारखा जोर लावायचा आणि लगेच आडवं व्हायचं. स्वतःच्या ताकदीने वेग मिळवायची संधी तेवढीच. तिथून पुढे सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. सुरुवातीला थोडी जरी कमी पडलात तरी ती उणीव खालपर्यंत वाढत जाते, कारण मध्ये कुठेच ती भरून काढता येत नाही.

मग दिशा कशी द्यायची? स्लेडखाली दोन धावपट्ट्या असतात, त्यांना पोलादी पाती. धावपट्ट्यांची पुढची टोकं वर वळलेली, आणि खेळाडूच्या पोटऱ्या त्या टोकांना टेकलेल्या. उजव्या पोटरीने दाबलं की गाडी डावीकडे जाते, डावीने दाबलं की उजवीकडे. जोडीला खांद्याचा दाब. हे दाब इतके बारीक असतात, की टीव्हीवर ते दिसतच नाहीत. दाब जास्त झाला तर पातं बर्फात रुततं आणि वेग जातो. कमी झाला तर गाडी वळणात वर चढते आणि बाहेर पडताना भिंतीला घासते. शिवाय डोकं वर उचलून रस्ता बघायची सोय नाही, कारण डोकं उचललं की वारा अडतो. सगळी वळणं पाठ हवीत, आपल्याकडे घाटात रोज एसटी चालवणाऱ्याला असतात तशी.

वजनाचीही गंमत आहे. शाळेत आपण शिकलो, की हलकी आणि जड वस्तू सारख्याच वेगाने पडते. निर्वातात ते खरं. हवेचा अडथळा आला की जड माणसाला तो तुलनेने कमी जाणवतो. म्हणून हलक्या खेळाडूंना नियमात बसेल इतकं वजन अंगावर बांधायची मुभा असते.

आणि पाती गरम केली तर? गरम पातं बर्फावर जास्त सहज सरकतं, म्हणून त्याला सक्त मनाई आहे. १९६८ च्या ग्रेनोब्ल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या तीन महिलांना याच आरोपावरून बाद केलं होतं. त्यात १९६४ ची पहिली महिला विजेती ऑर्ट्रुन एंडरलाइनसुद्धा होती.

हजारावा भाग

ल्यूजमध्ये वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. हा हजारावा भाग डोळ्यांसमोर आणू. ताशी १२६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३५ मीटर. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे ३५ सेंटिमीटर. हजारावा भाग म्हणजे साडेतीन सेंटिमीटर, फार तर बोटाची दोन पेरं. एवढ्या फरकाने पदक जाऊ शकतं. ऑलिंपिकमध्ये एकेरीच्या चार फेऱ्या दोन दिवसांत होतात आणि चारही वेळांची बेरीज धरतात. तीन फेऱ्या सोन्यासारख्या झाल्या आणि चौथीत खांदा जरा हलला, तर खेळ संपला.

हे लक्षात ठेवून आता तिच्या कारकिर्दीकडे येऊ.

मीसबाखची मुलगी

नातालीचा जन्म ५ फेब्रुवारी १९८८ चा, म्युनिकचा. वाढली ती बव्हेरियातल्या मीसबाख या गावात. तिचा सराव क्योनिग्जझे इथल्या पन्हळीवर झाला. ही जगातली पहिली कृत्रिमरीत्या गोठवलेली पन्हळ, १९६० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली. हा तपशील महत्त्वाचा आहे, याकडे आपण परत येऊ.

तिचं पहिलं ऑलिंपिक २०१० चं, व्हँकुव्हरचं. ते शोकात सुरू झालं. उद्घाटनाच्याच दिवशी, १२ फेब्रुवारीला, सरावात जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली पन्हळीबाहेर फेकला गेला आणि गेला. वय फक्त २१. त्यानंतर वेग कमी व्हावा म्हणून सुरुवातीच्या जागा खाली आणल्या. महिलांना कनिष्ठ गटाच्या जागेवरून निघावं लागलं. नुकतीच २२ वर्षांची झालेली नाताली त्याच पन्हळीत झोपली आणि कांस्यपदक घेऊन उठली. सुवर्ण तिच्याच देशाच्या तात्याना ह्यूफनरला मिळालं.

चार वर्षांनी सोची. २०१४ मध्ये तिने ह्यूफनरला मागे टाकलं, तेही १.१३९ सेकंदांनी. मघाचा हिशोब लावा : ३५ मीटर एका सेकंदाला, म्हणजे जवळजवळ ४० मीटरचं अंतर! जिथे बोटाच्या पेरांवर निकाल लागतो तिथे हे अंतर म्हणजे एक गाडी कर्जतला पोचली आणि दुसरी अजून भिवपुरीलाच आहे, असं झालं. त्याच ऑलिंपिकमध्ये ल्यूजची सांघिक रिले पहिल्यांदा आली. ती मोठी मजेदार असते. खाली पोचलेला खेळाडू उठून वर टांगलेल्या फळीवर हात मारतो, तेव्हा वरच्या साथीदाराचं फाटक उघडतं. आपल्या खो-खोतला खो म्हणा ना! तिथेही जर्मनीला सुवर्ण.

२०१८, प्योंगचांग : पुन्हा एकेरी आणि रिले, दोन्हीत सुवर्ण. या वेळी एकेरीतला फरक ०.३६७ सेकंद. जागतिक अजिंक्यपदाची एकेरी तिने चार वेळा जिंकली, २०१३, २०१५, २०१६ आणि २०१९ मध्ये. हंगामभर चालणाऱ्या विश्वचषकाचं एकूण विजेतेपद तर २०१२-१३ पासून २०१८-१९ पर्यंत सलग सात वेळा.

बाळंतपण आणि बीजिंग

मग ती थांबली. २०१९-२० चा हंगाम तिने सोडला, कारण ती आई होणार होती. मे २०२० मध्ये मुलगा झाला. वय ३२. घरात सहा पदकं, त्यातली चार ऑलिंपिकची सोन्याची, असं म्हणता म्हणता आपण चुकू, म्हणून नीट सांगतो : तोपर्यंत ऑलिंपिकची चार सुवर्णं आणि एक कांस्य. इथे थांबली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण पुढच्याच हंगामात, २०२०-२१ मध्ये, ती परतली आणि विश्वचषकाचं आठवं एकूण विजेतेपद घेऊन गेली.

बीजिंगची वाट मात्र सरळ नव्हती. जुलै २०२१ मध्ये पुराने आणि चिखलाच्या लोंढ्याने क्योनिग्जझेची पन्हळ उद्ध्वस्त केली. ज्या वळणांवर ती वाढली ती वळणंच वाहून गेली. नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या सराव दौऱ्यात कोरोनाच्या नियमांमुळे तिला विलगीकरणात ठेवलं. तिथल्या वागणुकीबद्दल ती उघडपणे बोलली आणि ऑलिंपिकला जावं की न जावं याचा विचार करत असल्याचंही तिने सांगितलं. त्या हंगामातला विश्वचषक तिची सहकारी युलिया टाऊबिट्झ जिंकत होती. पसंती टाऊबिट्झला होती.

शेवटी ती गेली. पहिली फेरी उत्तम करणारी टाऊबिट्झ दुसऱ्या फेरीत कोसळली. नातालीने चारही फेऱ्या सांभाळल्या. ८ फेब्रुवारी २०२२ ला, ३४ व्या वर्षी, ०.४९३ सेकंदांच्या फरकाने सुवर्ण. महिला एकेरीत सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं याआधी कुणीच मिळवली नव्हती. दोन दिवसांनी रिलेचं सहावं सुवर्ण. बीजिंग हेच तिचं शेवटचं ऑलिंपिक ठरलं.

आपण यातून काय घ्यायचं?

अशी गोष्ट सांगून झाली की वक्ता म्हणतो, "बघा, जिद्द असली की सगळं होतं." आम्ही तसं म्हणणार नाही. जिद्द हवीच, पण नुसत्या जिद्दीचं काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. मनालीजवळच्या वशिष्ठचा शिवा केशवन १९९८ मध्ये, १६ व्या वर्षी, ल्यूजसाठी ऑलिंपिकला गेला. २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. देशात गोठवलेली पन्हळ एकही नाही, म्हणून स्लेडला चाकं लावून तो हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या मधून, सराव करायचा. त्याची जिद्द नातालीपेक्षा कमी होती असं कोण म्हणेल?

नातालीकडे जिद्दीच्या जोडीला तीन गोष्टी होत्या. एक, घरापासून जाता येईल अशी पन्हळ. दोन, पगार : ती जर्मनीच्या संघीय पोलीस दलात नोकरीला होती आणि ते दल खेळाडूंना सरावाची मोकळीक देतं. तीन, बाळंतपणानंतर परत येण्यासाठी उघडं असलेलं दार. दुसरी गोष्ट आपल्याकडेही थोडीफार आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रेल्वेत नोकरी करत धावली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. पण पहिली आणि तिसरी?

आपल्या वाड्यापाड्यांवर रोज डोंगर चढ-उतर करणाऱ्या मुली आहेत. शाळेच्या स्पर्धेत त्या पहिल्या येतात. दहावी होते, लग्न ठरतं, आणि धावणं तिथेच थांबतं. त्यांना ल्यूज खेळायला लावा असं आमचं म्हणणं नाही. तालुक्याच्या ठिकाणी धावायला एक नीट मैदान, अठराव्या वर्षानंतरही सराव चालू राहील एवढा आधार, आणि मूल झाल्यावर "आता पुरे झालं" असं न म्हणणारं घर. एवढ्यावरच किती मुली पुढे जातील याचा विचार आपण सगळ्यांनी घरी जाताना करावा.

 आता प्रश्न विचारा.