जिनिव्हाची वाट वढू बुद्रुकवरून

जागतिक आरोग्य आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमधल्या करिअरबद्दल शिरूर-दौंडकडच्या मुलामुलींच्या मनात काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्या तपासून पाहू.

गैरसमज १ : त्यासाठी परदेशात जावं लागतं.
वस्तुस्थिती : शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे. त्यामागची प्रेरणा मॅगसेसे पुरस्कार (१९९३) मिळवणाऱ्या डॉ. बानू कोयाजींची. २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हे केंद्र घरोघर जाऊन नोंदवतं. बाळांच्या अतिसारावरच्या ‘रोटाव्हॅक’ लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे मिळून ६,७९९ बाळांवर झाली, त्यातलं पुण्याचं केंद्र हेच. २०१८ मध्ये या लशीला जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

गैरसमज २ : एमबीबीएस हवंच.
वस्तुस्थिती : अशा नोंदणीच्या गावांत कुणी दगावलं, की कार्यकर्ता त्या घरी जाऊन ओसरीवर बसतो. ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, दवाखान्यात कधी नेलं, हे हळुवारपणे विचारतो. त्या उत्तरांवरून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवतात. म्हणजे डॉक्टरांच्या आधी माणसांना बोलतं करणारा लागतो आणि मग संख्याशास्त्र, संगणक, हिशेब जाणणारेही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत डॉक्टर नसलेल्यांनाही सार्वजनिक आरोग्य शिकता येतं.

गैरसमज ३ : परदेशी देणगी म्हणजे पैशाला तोटा नाही.
वस्तुस्थिती : दौंड तालुक्यात केडगावला ‘मुक्ती मिशन’ उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाईंच्या कामासाठी संघटना स्थापन झाली. तिने मदत कबूल केली, पण दहा वर्षांपुरती. आजही निधी मुदतीचा आणि ठरल्या कामापुरता असतो. प्रकल्प संपला, की बऱ्याचदा करारही संपतो. शिवाय परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनुसार परदेशी निधीतले जास्तीत जास्त २० टक्केच प्रशासनावर खर्च करता येतात. पगार मिळतो, पण कायमची नोकरी गृहीत धरू नये.

गैरसमज ४ : एजंटाशिवाय ‘युनो’त शिरकाव नाही.
वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. पैसे मागणारा फसवतोय, असंच समजा. जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर असतात. त्यात बहुधा विचारतात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि नेटकं इंग्रजी अहवाललेखन. त्यामुळे पदवीनंतर दोन वर्षं तालुक्यातल्याच एखाद्या प्रकल्पात सर्वेक्षण केलंत, तर अर्जात लिहायला ठोस काही असेल.