टाइमशेअर सदस्यत्व

टाइमशेअर सदस्यत्व किंवा सुट्टी-सदस्यत्व म्हणजे पर्यटनस्थळावरील निवासस्थान दरवर्षी ठरावीक दिवस वापरण्याचा हक्क दीर्घ मुदतीसाठी आगाऊ रक्कम भरून विकत घेण्याची व्यवस्था होय. भारतात असे सदस्यत्व प्रामुख्याने वर्षाकाठी एका आठवड्याच्या हिशेबाने विकले जाते आणि त्याची मुदत अनेकदा २५ वर्षांपर्यंत असते. मुंबई हे या व्यवसायाचे एक मोठे ग्राहकक्षेत्र आहे. सदस्यत्व घ्यावे की नाही आणि घेतल्यास कोठल्या ठिकाणासाठी व कोणत्या हंगामासाठी घ्यावे, हे कुटुंबाच्या प्रत्यक्ष वापरावर अवलंबून असते. टाइमशेअर हा भविष्यातील उपभोगासाठी आधी केलेला खर्च असून बचत किंवा गुंतवणूक या अर्थाने त्याचा विचार केल्यास फसगत होण्याचा संभव असतो.

स्वरूप

टाइमशेअरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ग्राहकाला स्थावर मालमत्तेत हिस्सा मिळतो. दुसऱ्या प्रकारात मालकी कंपनीकडेच राहते आणि ग्राहकाला केवळ वापराचा हक्क मिळतो. भारतात दुसरा प्रकार रूढ आहे. त्यामुळे सदस्याच्या नावे सातबारा उताऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर कोणतीही नोंद होत नाही. मुदत संपताच हक्कही संपतो.

सदस्यत्वाची किंमत सामान्यतः तीन गोष्टींवर ठरते: खोलीचा आकार, हंगाम आणि मुदत. काही कंपन्या हंगामांना रंगांची नावे देतात. शाळांच्या सुट्ट्यांचा व सणांचा काळ सर्वांत महाग, तर पावसाळ्यासारखा कमी मागणीचा काळ सर्वांत स्वस्त असतो. स्वस्त हंगामाच्या सदस्याला महाग हंगामात खोली मिळतेच असे नाही. या मूळ किमतीखेरीज वार्षिक देखभाल शुल्क व त्यावरील वस्तू व सेवा कर भरावा लागतो. त्या वर्षी खोली वापरली नाही तरी हे शुल्क सहसा माफ होत नाही.

इतिहास

या कल्पनेचा उगम युरोपात झाला. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली हापिमाग ही संस्था या क्षेत्रातील आरंभीच्या संस्थांपैकी एक मानली जाते. १९७४ साली अमेरिकेत आर.सी.आय. ही विनिमय संस्था सुरू झाली. तिच्यामुळे एका ठिकाणचा सदस्य आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घेऊ लागला. भारतात १९८६ साली स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स या कंपनीने हा व्यवसाय रुजवला. १९९६ साली महिंद्रा समूहाची महिंद्रा हॉलिडेज अँड रिसॉर्ट्स ही कंपनी या क्षेत्रात आली. ‘क्लब महिंद्रा’ हे तिचे नाममुद्रित सदस्यत्व आहे.

मुंबईतील सुट्टीची परंपरा

गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांत टाइमशेअर येण्यापूर्वीही सुट्टीच्या निवासाच्या सामाईक सोयी होत्या. माथेरान, लोणावळा, देवळाली यांसारख्या ठिकाणी विविध समाजांच्या विश्वस्त संस्थांनी आरोग्यभवने बांधली. तेथे ज्ञातिबांधवांना माफक शुल्कात काही दिवस राहता येई. राष्ट्रीयीकृत बँका व अन्य मोठ्या आस्थापनांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘हॉलिडे होम’ची सोय केली. दादर-गिरगावातील नोकरदार मध्यमवर्गाला महाबळेश्वर व माथेरानची ओळख बऱ्याच अंशी या सोयींमुळे झाली.

परळ-लालबागच्या गिरणी कामगार कुटुंबांची सुट्टी मात्र गावाशी बांधलेली होती. मे महिना, शिमगा आणि गौरी-गणपती या काळात कोकणातील घरी जाणे हाच त्यांचा प्रवास असे. गिरण्या बंद पडल्या, पुढची पिढी अन्य नोकऱ्यांत गेली, तरी ही ओढ टिकून आहे. दुसरीकडे, सार्वजनिक गणेशोत्सवात गुंतलेली अनेक कुटुंबे त्या दहा दिवसांत मुंबई सोडत नाहीत. म्हणून या भागातील कुटुंबाने सदस्यत्वाचा विचार करताना गाव, सण, परीक्षा आणि कार्यालयीन रजा वजा जाता वर्षात किती दिवस उरतात, हे आधी मोजणे आवश्यक ठरते. मे महिन्यातील पंधरा दिवस गावी जाणाऱ्या कुटुंबासाठी मे महिन्याचा महाग हंगाम विकत घेण्यात अर्थ नसतो.

खर्चाचे गणित

सदस्यत्वाची किंमत एकूण रात्रींनी भागून ‘प्रतिरात्र खर्च’ दाखवण्याची पद्धत विक्रीच्या वेळी आढळते. हे गणित अपुरे असते. उदाहरणादाखल, सदस्यत्वाची किंमत ४,००,००० रुपये, मुदत २५ वर्षे आणि वर्षाला ७ रात्री असे मानल्यास एकूण १७५ रात्री होतात. केवळ मूळ किमतीचा भागाकार केल्यास एका रात्रीचा खर्च सुमारे २,२८६ रुपये येतो.

वार्षिक शुल्क पहिल्या वर्षी १८,००० रुपये असून ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते असे धरल्यास २५ वर्षांत त्याची बेरीज सुमारे ९ लाख ८८ हजार रुपये होते. ही रक्कम मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक आहे. दोन्ही मिळून प्रतिरात्र खर्च सुमारे ७,९३० रुपये येतो. कुटुंब दरवर्षी सातऐवजी चारच रात्री जाऊ शकले आणि उरलेल्या रात्री वाया गेल्या, तर तो सुमारे १३,९०० रुपये होतो.

आणखी एक सोपी कसोटी पहिल्या वर्षापुरती लावता येते. तेच ४,००,००० रुपये ६ टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत ठेवल्यास वर्षाला २४,००० रुपये करपूर्व व्याज मिळेल. हे गमावलेले व्याज आणि १८,००० रुपये शुल्क मिळून ४२,००० रुपये होतात, म्हणजे सात रात्रींसाठी दररात्री ६,००० रुपये. तशाच दर्जाची खोली त्याच हंगामात याहून कमी भाड्यात मिळत असेल, तर सदस्यत्व तोट्याचे ठरते. ठेवीचे मुद्दल शेवटी हाती राहते, सदस्यत्वाचे राहत नाही, हा फरकही विचारात घ्यावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. हॉटेलांचे भाडे काळानुसार वाढते आणि सदस्याची मूळ किंमत मात्र ठरलेली असते. शाळकरी मुले असलेले, सर्व सात रात्री वापरणारे, प्रवास कित्येक महिने आधी ठरवणारे आणि आजी-आजोबांसह स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या सदनिकेत राहू इच्छिणारे कुटुंब या व्यवस्थेचा पुरेपूर लाभ घेऊ शकते. सदस्यत्वासाठी कर्ज काढल्यास त्याचे व्याज वरील खर्चात मिळवावे लागते. साठीतील दांपत्याने २५ वर्षांची मुदत स्वीकारताना सदस्यत्व मुलांच्या नावे करण्याची अट व त्याचे शुल्क तपासणे इष्ट असते, कारण सदस्यत्वाबरोबर वार्षिक शुल्काचा भारही वारसाकडे जाऊ शकतो.

ठिकाण व हंगामाची निवड

एकाच ठिकाणच्या सदस्यत्वापेक्षा अनेक ठिकाणे खुली असलेले सदस्यत्व अधिक सोयीचे भासते. मात्र ठिकाणांची यादी मोठी असणे आणि हव्या त्या तारखेला खोली उपलब्ध असणे या भिन्न गोष्टी आहेत. मुंबईतील सर्वच शाळांच्या सुट्ट्या जवळपास एकाच वेळी येत असल्याने दिवाळी, नाताळ व मे महिन्यात लोणावळा, महाबळेश्वर आणि गोवा येथील खोल्यांना एकदमच मागणी येते.

अंतराचा विचारही महत्त्वाचा आहे. लोणावळा मध्य मुंबईपासून दोन-तीन तासांवर असल्याने शनिवार-रविवारला जोडून जाता येते. अशा छोट्या मुक्कामासाठी सात रात्रींचे तुकडे करण्याची मुभा करारात असावी लागते. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांची मोटार जात नाही. त्यामुळे चालण्याचा त्रास असलेल्या वृद्धांची सोय आधी पाहावी लागते. महाबळेश्वरला पावसाळ्यात अतिवृष्टी होते. स्वस्त हंगामाचे सदस्यत्व घेणाऱ्याच्या वाट्याला तेथे बहुधा हेच महिने येतात.

कोकण व गोव्याच्या बाबतीत रेल्वेचे आरक्षण हा निर्णायक घटक ठरतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते आणि सुट्टीच्या काळातील गाड्या अल्पावधीत भरतात. खोलीची निश्चिती त्यानंतर होणार असेल, तर खोली मिळूनही तिकीट न मिळण्याची शक्यता असते. विदेशातील विनिमय मुक्कामासाठी विमानभाडे व विनिमय शुल्क हा स्वतंत्र खर्च येतो.

विक्रीची पद्धत व करार

मॉल, चित्रपटगृहे व प्रदर्शनांत अर्ज भरून घेणे, नंतर ‘बक्षीस लागले’ असे कळवून पती-पत्नी दोघांनाही सादरीकरणास बोलावणे, ही या व्यवसायातील परिचित पद्धत आहे. सादरीकरण काही तास चालते आणि त्याच दिवशी सही केल्यासच सवलत मिळेल असे सांगितले जाते. दोघांनाही बोलावण्यामागे ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर उरू नये हा हेतू असतो.

युरोपीय संघाच्या २००८ सालच्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या ग्राहकाला करारातून कारण न देता बाहेर पडण्यासाठी १४ दिवसांची मुदत मिळते. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे परतीची मुदत कराराच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून सहीपूर्वी पुढील बाबी लेखी स्वरूपात पाहणे आवश्यक असते:

• करार रद्द करण्याची मुदत आणि परत मिळणारी रक्कम
• वार्षिक शुल्काच्या वाढीची मर्यादा
• न वापरलेल्या रात्री पुढील वर्षी नेण्याची तरतूद
• शुल्क थकल्यास होणारा परिणाम
• सदस्यत्व विकण्याची, हस्तांतराची व सोडून देण्याची पद्धत
• वादप्रसंगी लवाद किंवा न्यायक्षेत्र यांविषयीचे कलम

विक्रेत्याने तोंडी दिलेले आश्वासन करारात नसेल, तर ते नंतर सिद्ध करणे कठीण जाते. सदस्यत्वाला पुनर्विक्रीची बाजारपेठही मर्यादित असते.

गुंतवणूक म्हणून विक्री : पॅनकार्ड क्लब्ज प्रकरण

सुट्टीच्या नावाखाली परताव्याचे आश्वासन दिले की व्यवहाराचे कायदेशीर स्वरूप बदलू शकते. याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईत प्रभादेवी येथे कार्यालय असलेली पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड ही कंपनी. कंपनीच्या योजनांत ग्राहक हॉटेलातील खोलीच्या रात्री विकत घेत. रात्री न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव ‘सरेंडर व्हॅल्यू’ मिळेल असे योजनांचे स्वरूप होते. परिणामी अनेकांनी या योजनांकडे मुदत ठेवीप्रमाणे पाहिले.

भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ म्हणजेच सेबीने जुलै २०१४ मध्ये कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश दिला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अंतिम आदेश दिला. या योजना सेबी कायदा, १९९२ च्या कलम ११ कक नुसार ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ ठरतात आणि त्या नोंदणीविना चालवल्या गेल्या, असा सेबीचा निष्कर्ष होता. आदेशानुसार सुमारे ५१ लाख ५५ हजार गुंतवणूकदारांकडून सुमारे ७,०३५ कोटी रुपये जमवण्यात आले होते. हे पैसे परत करण्यास कंपनीला सांगण्यात आले. २०१७ साली प्रतिभूती अपील न्यायाधिकरणातही कंपनीला दिलासा मिळाला नाही. वसुलीसाठी मालमत्तांवर टाच आली आणि लिलावाची प्रक्रिया सुरू झाली. पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेले. निवृत्तिवेतनधारक व अल्पबचत करणाऱ्या कुटुंबांना पैशांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्याच कंपनीच्या सुट्टी-योजनांबाबतही सेबीने ऑगस्ट २०१५ मध्ये याच स्वरूपाचा आदेश दिला होता.

कलम ११ कक चे निकष साधारणपणे असे आहेत: अनेकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जाणे, ते लाभाच्या अपेक्षेने दिलेले असणे, त्यांचे व्यवस्थापन दुसऱ्याने करणे आणि दैनंदिन कारभारावर गुंतवणूकदाराचे नियंत्रण नसणे. म्हणून ‘खोली वापरली नाही तर व्याजासह पैसे परत’ असे सांगणाऱ्या योजनेविषयी, ती सेबीकडे नोंदलेली आहे काय, हा पहिला प्रश्न ठरतो.

ग्राहकाचे कायदेशीर संरक्षण

टाइमशेअर ही सेवा असल्याने तिला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. हा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय अन्य राज्यात असले तरी लालबागच्या रहिवाशाला तेथे जावे लागत नाही. दक्षिण मुंबई व मध्य मुंबई जिल्हा ग्राहक आयोगांचे कामकाज परळच्या पुरवठा भवनातून चालत आले आहे.

सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. करारातील अटच अनुचित असल्याचा दावा मात्र राज्य आयोगासमोर करावा लागतो. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत ही स्वयंसेवी संस्थाही ग्राहकांना मार्गदर्शन करते.

पर्याय

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. गणपतीपुळे, तारकर्ली, महाबळेश्वर, भंडारदरा, कार्ला इत्यादी ठिकाणी महामंडळाची पर्यटक निवासे असून तेथे सदस्यत्वाविना खोली मिळते. आस्थापनांची हॉलिडे होम, समाजसंस्थांची आरोग्यभवने आणि कोकणातील घरगुती निवास-न्याहारीची सोय हे अन्य पर्याय आहेत. काही कुटुंबे कर्जत-नेरळ परिसरात दुसरे घर घेतात. त्यात मालकी मिळते, परंतु देखभाल, मालमत्ता कर व राखणीची जबाबदारीही येते.

टाइमशेअरकडेच कल असल्यास, सदस्य होण्यापूर्वी त्याच कंपनीच्या निवासात एकदा साधा पाहुणा म्हणून रोख भाडे देऊन राहणे आणि तेथे भेटणाऱ्या जुन्या सदस्यांकडून खोली मिळण्याचा व शुल्कवाढीचा अनुभव जाणून घेणे, हा कमी खर्चाचा मार्ग आहे.