ओढ्यातलं पाणी : मुरलं की उपसलं?

मागच्या खेपेला अनुमानाचा विषय अर्धवट राहिला होता. आज आपण तो ओढ्याच्या काठावर नेऊ.

पावसाळा संपलाय, ओढा वाहतोय. जमिनीत किती मुरतं ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वर आणि खाली, दोन जागी प्रवाह मोजून वजाबाकी करतात. सरळ तुकड्यावर 20 मीटर अंतरानं दोन दोऱ्या बांधायच्या आणि संत्रं सोडायचं. संत्रंच का? ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्यानं फारसं ढकललं जात नाही. 40 सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून 0.85 नं गुणायचं. रुंदी 6 मीटर, सरासरी खोली 40 सेंटिमीटर धरली, तर सेकंदाला 1020 लिटर. दोन किलोमीटर खाली समजा 950 भरले. म्हणजे 70 लिटर गेले.

कुठे गेले? वरचं गाव म्हणतं, मुरले. खालचं गाव म्हणतं, तुम्ही उपसले. यावरून भांडणं होतात, आणि आम्हाला ती खोटी वाटत नाहीत.

दिवसाला 5 मिलिमीटर धरलं तरी एवढ्या पात्रातून सेकंदाला एक लिटरही वाफ होत नाही. पण चढ बेताचा असला तर 5 अश्वशक्तीची एक मोटार 10-एक लिटर सहज ओढते. काठावर सात मोटारी असल्या की झालं! शिवाय संत्र्याच्या मोजणीत 5 टक्केच चूक म्हणजे नशीबच. तीही दोन्हीकडे उलट्या दिशेनं झाली, तर 70 लिटर त्यातच बुडाले. नैयायिक अशा हेतूला अनैकान्तिक म्हणतात : साध्य नसतानाही तो हजर असतो.

मग दुसरा साक्षीदार विहीर. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरायला जागा फार थोडी, समजा आकारमानाच्या 2 टक्के. म्हणजे हेक्टरभर पाणी मीटरनं चढायला 2 लाख लिटर पुरतात. सेकंदाला 70 म्हणजे दिवसाला 60 लाख. खरंच मुरले आणि तिथंच राहिले, तर रोज 30 हेक्टरांत मीटरभर चढ दिसायला हवा. विहिरी गप्प असतील तर दावा तपासा.

म्हणून मोजायच्या दिवशी मोटारी बंद, आणि दोन्ही काठांच्या विहिरींत त्याच दिवशी टेप सोडायची. कधी विहिरीची पातळी ओढ्याहून उंच निघते, खालचा आकडा वरच्याहून मोठा येतो. तो चूक म्हणून खोडू नका. तिथं जमीनच ओढ्याला पाणी देत असते.