चार कोपरे आणि एक भागाकार

आजोळच्या माजघरात पणजोबा-पणजीचा जोडीनं काढलेला फोटो टांगलेला आहे. लाकडी चौकट, वर काच. खाली उतरवायला गेलं तर चौकटीचे सांधे हातात येतील, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. समोर स्टुलावर चढून मोबाइलनं फोटो काढला, तर काचेत दाराचा उजेड पडतो आणि पणजीचा चेहराच दिसत नाही. म्हणून भिंतीपासून तीन फुटांवर उभं राहून, मोबाइल वर रोखून, खालूनच फोटो काढला. उजेड टळला, पण चौकट पायाशी रुंद आणि डोक्याकडे निमुळती झाली.

ही निमुळती चौकट पुन्हा काटकोनी करण्याची सोय फोटोवर काम करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या आणि आजही फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये तिचं नाव ‘पर्स्पेक्टिव्ह’ असं आहे. चार कोपऱ्यांवर चार खुणा ठेवायच्या, बटण दाबायचं, की चौकट सरळ. आत नेमकं काय होतं, ते याच फोटोवर पाहू.

आकडे सोपे धरू. फोटोत चौकटीची खालची कड ९०० पिक्सेल, वरची कड ६०० पिक्सेल आणि दोन्हींमधली उंची १००० पिक्सेल. म्हणजे शाळेत शिकलेला समलंब चौकोन. आता प्रश्न असा: प्रत्यक्ष चौकटीचा मधोमध बिंदू या चौकोनात कुठे असेल? पटकन वाटतं, निम्म्यावर, म्हणजे ५०० वर. तसं नाही. दोन्ही कर्ण काढून पाहा, ते खालून ६०० पिक्सेलवर एकमेकांना छेदतात. प्रत्यक्ष आयतात कर्ण मध्यावरच छेदतात आणि कॅमेरा सरळ रेषेला सरळच ठेवतो, म्हणून तो छेदनबिंदू हाच खरा मध्य. चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागाला ६०० पिक्सेल मिळाले आणि वरच्या अर्ध्याला फक्त ४००. वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब, म्हणून तो रुंदीतही आखडला आणि उंचीतही.

इथंच साध्या ताणण्यातला आणि यथार्थदर्शनातला, म्हणजे पर्स्पेक्टिव्हमधला, फरक आहे. चित्र फिरवणं, लहान-मोठं करणं, तिरकं ढकलणं ही कामं गुणाकार-बेरजेत भागतात. त्यांत समांतर रेषा समांतरच राहतात आणि मध्य मध्यावरच राहतो. आपल्या फोटोत दोन्ही गोष्टी बिघडल्या आहेत, त्यामुळे तेवढ्यानं काम होत नाही. भागाकार लागतो. चौकटीची तळापासूनची खरी उंची शून्य ते एक अशी मोजली, तर फोटोतली उंची काढायला तिला १५०० नं गुणायचं आणि ‘एक अधिक त्या उंचीच्या निम्मे’ या संख्येनं भागायचं. वरच्या कडेला १५०० भागिले दीड, म्हणजे १०००. मध्यावर ७५० भागिले सव्वा, म्हणजे ६००. कर्णांनी दिलेलंच उत्तर. रुंदीलाही तोच भाजक: ९०० भागिले दीड, म्हणजे ६००. जसजसं वर जावं तसतसा हा भाजक वाढतो, कारण तो कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. लांबचं लहान दिसतं ही रोजची गोष्ट, एवढ्या एका भागाकारात सामावलेली.

हा भागाकार गाळला की काय होतं, ते १९९४ मध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनवर दिसायचं. वेग राखण्यासाठी ते यंत्र पृष्ठभागावरची नक्षी भागाकार न करताच बसवायचं. त्यामुळे खेळात चालू लागलं, की पायाखालच्या फरशीच्या रेषा मोडायच्या, हलायच्या.

कोणत्याही कोनातून काढलेल्या फोटोला लागू पडणाऱ्या सर्वसाधारण सूत्रात नऊ संख्या असतात, तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडलेल्या. सगळ्या संख्या एकाच पटीत वाढवल्या तरी भागाकारात ती पट निघून जाते, म्हणून खऱ्या अज्ञात संख्या आठच. एका कोपऱ्यातून दोन समीकरणं मिळतात, एक आडव्या स्थानाचं आणि एक उभ्या. चार कोपऱ्यांतून आठ. म्हणून खुणा चार लागतात. तीनमध्ये काम होत नाही आणि पाचव्या खुणेची गरज पडत नाही. अट एवढीच, की त्यांतल्या कोणत्याही तीन एका रेषेत नसाव्यात.

लांबचं लहान दाखवणारं हे यथार्थदर्शन चित्रकारांसाठी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की आणि पाठोपाठ अल्बर्टी यांनी नियमांत बांधलं. अल्बर्टीचा चित्रकलेवरचा ग्रंथ १४३५ मधला. चित्रकार समोरच्या दृश्याकडून कॅनव्हासकडे जात असे. आपल्याला उलट जायचं आहे, फोटोकडून भिंतीवरच्या चौकटीकडे.

सॉफ्टवेअर जुन्या चित्रातला एकेक पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवत असेल, असं वाटतं. तसं केलं तर वरच्या भागात भोकं पडतील, कारण तिथं पिक्सेल कमी आणि जागा जास्त. म्हणून काम उलट्या बाजूनं चालतं. नवं कोरं चित्र समोर ठेवून त्याच्या प्रत्येक पिक्सेलसाठी विचारायचं: तू जुन्या फोटोत कुठे होतास? उत्तर सहसा दोन-चार पिक्सेलांच्या मधलं येतं. मग शेजारच्या चार पिक्सेलांचे रंग अंतराच्या हिशेबानं मिसळायचे, किंवा अधिक सफाईसाठी सोळांचे. गिम्पमध्ये यांनाच ‘लिनिअर’ आणि ‘क्युबिक’ म्हणतात. चित्र जिथं आक्रसतं तिथं मोठ्या क्षेत्रफळाची सरासरी घ्यावी लागते, नाहीतर बारीक जाळीदार नक्षीवर खोट्या लाटा उमटतात. पॉल हेकबर्टनं १९८९ मध्ये बर्कलीला लिहिलेल्या प्रबंधात याची शिस्तवार मांडणी आहे.

आता आपली चौकट. ती प्रत्यक्षात १६ इंच रुंद आणि २४ इंच उंच आहे, म्हणून सरळ केलेलं चित्र ९०० बाय १३५० चं हवं. तळाशी मूळ फोटोतले पिक्सेल पुरून उरतात. वरच्या कडेला मात्र एकेका पिक्सेलला रुंदीत दीडपट आणि उंचीत दुप्पट ताणावं लागतं. एका पिक्सेलची माहिती तिथं तीन पिक्सेलांच्या जागेत पसरते. म्हणून पणजीच्या साडीचे काठ रेखीव येतात आणि पणजोबांची पगडी मऊसर. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. ते जागा बदलून देतं, कॅमेऱ्यानं न टिपलेला धागा ते आणणार कुठून? उपाय एकच, जमेल तितकं मागे जाऊन, जमेल तितक्या समोरून फोटो काढणं.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअरला माहीत नसते: चौकटीचं खरं प्रमाण. गिम्पमध्ये ‘करेक्टिव्ह’ हा पर्याय निवडून चार खुणा कोपऱ्यांवर ठेवल्या, की तो चौकोन ताणून मूळ चित्राच्या चार टोकांपर्यंत नेला जातो. मोबाइलचा फोटो तीनास चार आणि आपली चौकट दोनास तीन. तसंच सोडलं तर पणजोबा खऱ्यापेक्षा रुंद दिसतील. म्हणून नंतर ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी-उंचीमधली साखळी तोडून खरं प्रमाण भरायचं.

खुणा कुठे ठेवायच्या, याला मला फार महत्त्व वाटतं. हे गणित एका सपाट पृष्ठभागापुरतंच खरं आहे. जुन्या चौकटीत फोटो लाकडाच्या पुढच्या कडेपेक्षा बोटभर आत असतो, म्हणजे ती दोन वेगळी प्रतलं झाली. लाकडाच्या कोपऱ्यांवर खुणा ठेवल्या तर चौकट सरळ होईल आणि माणसं किंचित वाकडी राहतील. आपल्याला माणसं हवी आहेत, तेव्हा खुणा फोटोच्या कागदाच्या कोपऱ्यांवर ठेवाव्यात आणि माप घ्यायचं तेही कागदाचंच. वर हार घातलेला असेल तर तो आधी काढावा, कारण पुढे आलेला हार या गणितात बसत नाही. कडा बाकदार दिसत असतील तर तो लेन्सचा दोष. तो आधी काढायचा, मग चौकट सरळ करायची.

पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, तर सरळ केलेल्या चित्रालाच पुन्हा सरळ करायला जाऊ नका. दर वेळी रंग नव्यानं मिसळतात आणि चित्र पुसट होत जातं. मूळ फोटो उघडून पहिल्यापासून खुणा ठेवा. तो मूळ फोटो कधीही पुसू नका.

आणि गावी जाल तेव्हा मोजपट्टी न्या. भिंतीवरच्या प्रत्येक जुन्या फोटोची रुंदी आणि उंची मोजून वहीत लिहून ठेवा.