सेरोटोनिन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

समजा, पंचविशीतल्या एका शिक्षिकेला अचानक एका डोळ्याने धूसर दिसू लागले. महिन्याभरात दृष्टी पूर्ववत झाली. दोन वर्षांनी पायाला मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. तेही काही आठवड्यांत ओसरले. थकवा मात्र मागे राहिला. एम.आर.आय. तपासणीत मेंदूत जागोजागी ठिपके दिसले आणि निदान झाले : मल्टिपल स्क्लेरोसिस. औषधांच्या चिठ्ठीत एक गोळी होती सेरोटोनिनवर काम करणारी, एरवी नैराश्यासाठी दिली जाणारी. ती पाहून घरचे विचारतात, "आजार नसांचा, मग गोळी मनाची कशी? म्हणजे हा मनाचाच खेळ आहे की काय?"

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर रुग्णाला महागात पडू शकते. म्हणून ते नीट समजून घेऊ.

आजार नेमका काय?

चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवरील प्लास्टिकसारखे ते असते असे आपण वर्गात सांगतो. उपमा ठीक आहे, पण अपुरी आहे. हे वेष्टन सलग नसते. त्यात ठरावीक अंतरावर मोकळ्या जागा असतात आणि संदेश एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारत जातो. त्यामुळे मायलिन नसलेल्या तंतूतून सेकंदाला सुमारे एक मीटर जाणारा संदेश, मायलिन असलेल्या जाड तंतूतून सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावू शकतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा या वेष्टनावरच हल्ला करते. मेंदूत आणि मज्जारज्जूत अनेक ठिकाणी दाह होतो आणि मागे कठीण वण राहतात. 'मल्टिपल' म्हणजे अनेक आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे कठीण होणे. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले.

हा थंड प्रदेशातील गोऱ्या लोकांचा रोग, असा समज बराच काळ होता. परंतु मुंबईच्या पारशी समाजात तो लाखामागे वीसहून अधिक जणांना असल्याचे १९९० च्या आसपास झालेल्या पाहण्यांत आढळले. डॉ. नोशीर वाडिया यांचे काम त्यांपैकीच. एम.आर.आय. यंत्रे गावोगावी पोहोचू लागल्यावर इतर समाजांतही निदान वाढले.

सेरोटोनिनची ओळख

सेरोटोनिन हे एक छोटे रसायन. आहारातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर ते तयार करते. १९४८ साली अमेरिकेत रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते रक्तद्रवातून वेगळे केले, आणि १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवून दिले. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूतील साठा अगदी थोडा, पण मस्तिष्कस्तंभातील मूठभर पेशी तो मेंदूच्या बहुतेक भागांत पोहोचवतात. झोप, भूक, वेदना, मनःस्थिती आणि स्नायूंची हालचाल या सर्वांशी त्याचा संबंध येतो.

या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधेच्या मुळ्यांनी वाढलेला रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पुढे या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले. ते दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो असे १९५५ च्या सुमारास दिसले. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येत असे. त्यावरून सेरोटोनिन आणि नैराश्य यांचा संबंध जोडला गेला. 'सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य' इतके सरळ गणित मात्र आज कोणी मांडत नाही.

चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन पुन्हा आत खेचून घेणारे एक प्रथिन असते. ते अडवले की दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन अधिक काळ टिकते. अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळालेले फ्लुऑक्सेटिन हे अशाच गटातील औषध. आपल्या शिक्षिकेला मिळालेली गोळी याच जातीची.

दोन वेगळे प्रश्न

ही गोळी रुग्णाला का देतात, हा पहिला प्रश्न. या रुग्णांपैकी निदान चौथ्या हिश्श्याला तरी आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते. त्याला आजाराची धास्ती जशी कारण असते, तसाच मेंदूतील दाह आणि वणही. तेव्हा या गोळीचा अर्थ 'आजार मनाचा आहे' असा नसून 'आजार मनापर्यंतही पोहोचला आहे' असा होतो. लक्षणावरचा उपचार म्हणून ती उपयोगी पडते.

ही गोळी मूळ रोगालाही आवर घालते का, हा दुसरा प्रश्न. तसे वाटायला कारणे होती. प्रतिकारयंत्रणेच्या पेशींवरही सेरोटोनिनचे ग्राहक असतात. सेरोटोनिन आत खेचणारे प्रथिन ज्यांच्यात नाही अशा उंदरांत, या रोगासारखा कृत्रिम आजार सौम्य झाल्याचे दिसले. २००८ साली नेदरलँड्समध्ये ४० रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन घेणाऱ्यांत नवे ठिपके काहीसे कमी दिसले, पण फरक निर्विवाद नव्हता. अशा पुराव्याला आम्ही संशोधक आशादायक म्हणतो, सिद्ध म्हणत नाही.

मग मोठी परीक्षा झाली. रोग सतत वाढत जाणाऱ्या अवस्थेतील ४४५ ब्रिटिश रुग्णांचे चार गट पाडले गेले. तीन गटांना वेगवेगळी औषधे दिली, त्यांतले एक फ्लुऑक्सेटिन. चौथ्या गटाला औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळते ते रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. ९६ आठवड्यांनंतर मेंदूचे आकारमान किती घटले ते मोजले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : तिन्ही औषधांपैकी एकानेही मेंदूची झीज कमी झाली नाही. त्याआधी बेल्जियम व नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीतही फ्लुऑक्सेटिनचा ठोस फायदा सिद्ध झाला नव्हता.

म्हणजे उंदरात जे दिसले ते माणसात उतरले नाही. विद्यार्थ्यांना वैज्ञानिक पद्धत शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. निष्क्रिय गोळीचा गट नसता, तर ज्यांची प्रकृती आपोआप स्थिर राहिली त्यांचे श्रेय औषधालाच गेले असते.

मूळ रोगावरचे उपचार वेगळे आहेत. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटाला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणारी अनेक औषधे आली. ती सोडून केवळ 'सेरोटोनिन वाढवण्याच्या' मागे लागणे धोक्याचे आहे. केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून रोज केळी खावीत, असा सल्लाही ऐकू येतो. केळे खुशाल खावे, पण पोटातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. आणि नैराश्याची गोळी चालू असेल, तर ती मनाने एकाएकी बंद करू नये.

आपल्या उन्हाळ्यात

मराठवाड्यातील वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. मायलिन गेलेला तंतू जेमतेम संदेश वाहत असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले, तरी तो संदेश वाटेतच तुटू शकतो. उथॉफ यांनी १८९० साली हे परिणाम प्रथम नोंदवले. छत्रपती संभाजीनगरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. अशा दुपारी या रुग्णाची नजर अंधुक होते, पाय जड होतात. सावलीत, गारव्यात बसले की बरे वाटते. बघणाऱ्याला ते सोंग वाटते. प्रत्यक्षात ते भौतिकशास्त्र आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मदत करते. शाळेच्या हाती असलेली मदत त्याहून साधी आहे : अशा सहकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला सकाळचे तास द्यावेत, तळमजल्यावरची खोली द्यावी, पंख्याखालची जागा द्यावी, आणि त्याच्या थकव्याला आळस म्हणू नये.