मोटारसायकलीची साखळी

दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेणारा जाणता मनुष्य त्याचे खूरही निरखून पाहतो. त्याच यात्रेस मोटारसायकलीवरून जाणारे आम्ही मात्र तिच्या साखळीकडे क्वचितच पाहतों.

धुळीनें साखळी लवकर झिजते. म्हणून सुमारें ५०० किलोमीटरांस एकदां ती साफ करावी. प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. सपाट, कठीण जमिनीवर डबल स्टँडचे दोन्ही पाय टेकवावे व पायानें त्यावर अंगाचा भार द्यावा. गाडी हातांच्या जोरानें उचलूं नये. मागील चाक अधांतरीं झालें म्हणजे तें हातानें थोडें फिरवावें, थांबवावें, आणि मग साखळीचा तेवढा भाग रॉकेलनें व ब्रशनें धुऊन पुसावा. नंतर आंतील बाजूस गिअरचें तेल थेंब थेंब सोडावें. अधिक झालेलें पुसावें, कारण त्यास धूळ चिकटते. दोन दांतेरी चाकांच्या मध्यभागीं साखळी बहुधा २० ते ३० मिलिमीटर खालीं-वर हलावी. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो.

काम लवकर उरकावें म्हणून कित्येक जण इंजिन चालू ठेवून साखळी पुसतात. अशा वेळीं फडक्याबरोबर बोटही दांत्यांत ओढलें जातें. मग पश्चात्तापाचा कांहीं उपयोग होत नाहीं. विद्यार्थ्यांनो, वाचलेलीं दहा मिनिटें एका बोटाच्या मोलाचीं नव्हेत. पालकांसही आमची हीच विनंति.