टावर दिसते, रेंज नाई

"टावर दिसते, पण रेंज नाई राहत." चिखलदऱ्याखालच्या एखाद्या गावात हे ऐकलं की शहरातून आलेल्याला खोटं वाटतं. पण रेडिओलहर काही ताणलेल्या सुतासारखी जात नाही. दोन टोकांच्या मध्ये ती फुगते. वीस किलोमीटर अंतर आणि १५० मेगाहर्ट्झचा वायरलेस धरला, तर मध्यावर ती सरळ रेषेच्या चहूबाजूंनी शंभर मीटरपर्यंत फुगते, आणि त्यातली बहुतेक जागा मोकळी हवी. वाटेतल्या कड्याचा माथा रेषेला नुसता शिवला, तरी ताकद पावपट उरते. आणि गाविलगडच्या रांगेत माथ्यांना काय तोटा!

म्हणून अँटेना कुठे उभारायची हे आधी संगणकावर पाहतात. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा उंचसखलपणा टिपला. त्यातून बनलेल्या नकाशावर एकही घाट न चढता दहा टेकड्या तपासून होतात. फक्त त्या रडारला जमीन आणि झाडाचा शेंडा नीट वेगळे करता आले नाहीत. मेळघाटच्या सागवनात ही चूक लहान नाही.

मग माणूस रेंज मोजायला निघतो, आणि तिथेही फसगत आहे. चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर हाक मारली की ती दऱ्यांतून पुन्हा पुन्हा परत येते. रेडिओलहरीही अशाच कड्यांवरून उलटतात. कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटरची, म्हणजे हातातलं यंत्र वीतभर सरकलं तरी आकडा कोसळू शकतो. एका जागी उभं राहून घेतलेली नोंद म्हणून कुचकामी. जाणकार चाळीस लहरींइतकं, सुमारे तेरा मीटर, चालत राहतात आणि सरासरी काढतात.

खरं काम पुढे आहे: संगणकाच्या गणिताचा आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी मांडायचे. सगळीकडे सारखाच फरक आला तर गणितात तेवढी दुरुस्ती करून भागतं. पण एकाच दरीत फरक पडला, तर तिथे जाऊन पाहावं लागतं. झाडी असेल, नकाशातली उंची चुकली असेल. सरासरी जुळली म्हणून फाइल मिटणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही.

कधी कारण अगदी डोक्यावर असतं. कड्यावरच्या अँटेनाचा झोत उभ्या दिशेने अरुंद असतो. तो लांबच्या गावाला पोचतो आणि पायथ्याच्या गावावरून निघून जातो. दिव्याखाली अंधार! अँटेना काही अंश खाली झुकवायची आणि पुन्हा मोजायचं.

तेही एकदाच नाही. मे महिन्यात साग उघडाबोडका असतो. ऑगस्टात त्याची पानं सुपाएवढी, पावसाने निथळणारी. तेव्हा धुक्यात, छत्री सांभाळत, तेच तेरा मीटर परत चालायचे.